माझे गमबूट आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंद्याने कोंबड्यांची डॉक्टर, आज सकाळी दोन कप चहा घेऊन, चष्मा पुसून आणि मागे कोणी उभे नाही याची खात्री करून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहायला बसले आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा माणसांच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, आणि मी एकोणऐंशीवर पोचले तेव्हा ते स्वतःच गोंधळले होते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मेलेल्या जिवांचे कागद आयुष्यभर लिहिले, पण ते सगळे जीव गेल्यावर लिहिले. आधी लिहायची सवय नाही, तेव्हा काही मागे-पुढे झाले तर सांभाळून घ्यावे.

खरे तर हे काम वकीलबाई करून देणार होत्या. त्यांच्या छापील नमुन्यात 'सर्व स्थावर व जंगम मालमत्ता' असे एका ओळीत सगळे उरकले होते. माझी जंगम मालमत्ता काय काय आहे आणि तिला कुठे कुठे हात लावायचा नसतो हे त्यांना माहीत नाही, म्हणून मीच पेन उचलले. त्यांनी मला दोन गोष्टी बजावल्या. एक, साक्षीदार दोन लागतात आणि दोघांनी माझ्या डोळ्यांदेखत सही करायची. दुसरी, ज्याच्या नावाने या कागदात काही ठेवले आहे त्याने साक्षीदार व्हायचे नाही. झालाच, तर त्याच्या वाट्याचे त्याला मिळत नाही. दोन्ही मी टिपून घेतल्या.

कलम एक. माझ्या देहाचे शवविच्छेदन करू नये. कारण मला ठाऊक आहे, हृदयाची डावी बाजू. मी वीस हजारांच्या वर पक्षी उघडून पाहिले. कोणाच्या यकृतावर ठिपके, कोणाच्या आतड्यात रक्त, एकीच्या पोटात तर मालकाच्या सदऱ्याचे बटण. तेव्हा या बाबतीत माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नसावी. ज्याला फारच उत्सुकता असेल त्याने माझी फाइल वाचावी. ती फ्रिजवर आहे.

कलम दोन. माझे सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, सगळ्या सुया, आणि रोगट अवयव घालून ठेवलेल्या बरण्या मी माझ्या भाचीला देत आहे. भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, वय चौतीस. ती एका मोठ्या लेयर फार्मची, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या फार्मची, देखरेख करते. तिच्या आईने माझ्याशी बोलणे टाकले तरी ही महिन्यातून एकदा माझ्याकडे येते, बरण्यांकडे बघत चहा पिते आणि "मावशी, हे कुणाचं मूत्रपिंड गं?" असे विचारते. असे विचारणारे माणूस घरात एकच आहे. कात्र्या तीन आहेत, त्याही तिच्याच. मात्र लाल मुठीची कात्री कोणीही स्वयंपाकघरात वापरू नये. कितीही धुतली तरी नाही. ती कुठे कुठे जाऊन आली आहे हे मला माहीत आहे.

कलम तीन. माझी शीळ. ही वस्तू नाही असे वकीलबाई म्हणतील, पण माझ्याकडची सगळ्यात कामाची चीज तीच आहे आणि ती मी भाचीलाच देते. शेडमध्ये शिरल्यावर आधी औषधांची पेटी खाली ठेवायची. मग एक लांब शीळ घालायची. पाच हजार कोंबड्या एकदम गप्प होतात आणि माना वर करून बघत राहतात. त्या गप्प असतात तेवढ्या वेळात कान द्यायचा. श्वासात घरघर असेल, कुठे शिंक असेल, तर ती तेव्हाच ऐकू येते. एरवी त्यांच्या गलक्यात काही कळत नाही. ज्या दिवशी मी ही शीळ घातली नाही त्या दिवसाबद्दल कलम सात पाहावे.

उत्पादन वाढवण्याच्या माझ्या ज्या मोठ्या गुपितासाठी लोक मला बोलवायचे, तेही इथेच सांगून टाकते. अंडी कमी झाली की मालकाला रोग हवा असतो, कारण रोगावर बाटली मिळते. मी आधी त्याच्या कोंबड्यांचे पाणी पिऊन बघायचे. निम्म्या वेळा ते पाणी पत्र्यावरच्या टाकीतून चहासारखे गरम येत असे. कोंबडी पाणी प्यायली नाही तर खात नाही, आणि खाल्ले नाही तर अंडे कुठून देणार? टाकीवर सावली केली की चार दिवसांत अंडी जागेवर यायची. एकदा एका मालकाने औषधाचे नाव विचारत माझी पाठच सोडली नाही. मी त्याला चिठ्ठीवर 'बल्ब पुसणे' असे लिहून दिले. बल्बांवर इतकी धूळ होती की कोंबड्यांना वाटे, दिवस लहान झाला, आता सुट्टी. त्याने ती चिठ्ठी औषधांच्या दुकानात नेऊन दाखवली.

कलम चार. टॉनिकवाला. हा खाद्य कंपनीचा प्रतिनिधी अठ्ठावीस वर्षे माझ्या पाठोपाठ फिरला. मी गेटातून बाहेर पडले की तो आत शिरायचा आणि मी जे काही सांगितले असेल त्यावर तेच एक लाल टॉनिक विकायचा. जंत, टॉनिक. उवा, टॉनिक. छपराला भोक, तरीही टॉनिक. दर वर्षी तो मला एक कॅलेंडर भेट द्यायचा. ती अठ्ठावीसच्या अठ्ठावीस कॅलेंडरे मी त्याला परत देत आहे. त्यावर दर वर्षी एकाच कोंबडीचा फोटो असतो. तिचा तुरा फिकट आहे, डोळा अर्धा मिटलेला आहे, आणि तिला जंत आहेत, हे मी त्याला पहिल्या वर्षापासून सांगत आले. आता तरी त्याने तिच्याकडे नीट बघावे.

कलम पाच. बँकेत जे काही असेल ते पोल्ट्रीवर काम करणाऱ्यांच्या मुलांच्या शाळेला द्यावे. अंडीवाले काका, म्हणजे माझ्या शेजारचे अंड्यांचे व्यापारी, यांना मी मुद्दाम काहीही ठेवत नाही. त्यांनी हे मनाला लावून घेऊ नये. रोज सकाळी माझ्या दाराशी फुटकी अंडी ठेवणारा आणि 'चांगलीच आहेत, फक्त तडकली आहेत' म्हणणारा हा एकच गृहस्थ मला साक्षीदार म्हणून चालण्यासारखा आहे.

कलम सहा. माझे राहते घर, मागचे अंगण, आणि शवविच्छेदनाची खोली, तिथल्या फरशीच्या ओट्यासकट, मी माझ्या धाकट्या बहिणीला देत आहे. कारण पुढच्या कलमात. माझे गमबूटही तिलाच.

कलम सात. हे कलम लांब आहे. मी गेल्यावर ते सर्वांसमोर, मोठ्याने आणि सगळ्यात आधी वाचावे.

एकोणीस वर्षांपूर्वी धाकटीची पाच हजार लेयर कोंबड्यांची शेड होती. आमच्या भागातली ती सगळ्यात स्वच्छ शेड. मी हे तिला कधी म्हणाले नाही, कारण धाकट्यांना डोक्यावर बसवू नये असे माझे मत होते. त्या काळी मी हट्टाने प्रत्येक पोल्ट्रीच्या गेटवर एक पाटी लावून घेतली होती: 'बूट बदलल्याशिवाय कोणीही आत येऊ नये. डॉक्टरांच्या आज्ञेवरून.' इतरांच्या गेटवर नुसती पाटी होती. धाकटीच्या गेटवर पाटी होती, जंतुनाशकाचे उथळ घमेले होते, आणि येणाऱ्यांसाठी धुऊन उलट्या टांगलेल्या बुटांच्या चार जोड्या होत्या.

त्या सोमवारी सकाळी मी नदीपलीकडच्या एका मोठ्या फार्मवर गेले होते. दहा-बारा कोंबड्या शिंकत होत्या. मालक म्हणाला, "धूळ आहे हो, कालच भुसा बदललाय." मला घाई होती. शीळ घातली नाही. वहीत 'धूळ' लिहिले आणि तशीच धाकटीकडे जेवायला गेले. ती गेटवरच उभी होती.

"ताई, बूट बदल."

"अगं, पाच मिनिटं डोकावते फक्त."

"पाच मिनिटं असोत नाहीतर पाच तास. पाटी वाच."

"पाटी मी लिहिलीये. डॉक्टर मी आहे की तू?"

ती बाजूला झाली. मी त्याच बुटांनी आत गेले, सगळी शेड फिरले, उगाच दोन चुका काढल्या आणि पोटभर जेवून निघाले. मंगळवारी आणि बुधवारी आणखी चार पोल्ट्र्या केल्या.

गुरुवारी धाकटीचा फोन आला की कोंबड्या शिंकताहेत. पुढच्या आठवड्यात तिची अंडी शंभराला एक्क्याण्णव होती ती छप्पन्नवर आली. कवचांवर सुरकुत्या, आतला पांढरा भाग पाण्यासारखा. रोग मी अचूक ओळखला, संसर्गजन्य ब्राँकायटिस. रोग ओळखण्यात मी कधी चुकले नाही. तो आला कुठून, इथे घोड्याने पेंड खाल्ली. कळवणारी पहिली धाकटी होती, कारण बाकीचे लपवत होते. तिने नुकतेच बाजारातून अंड्यांचे जुने ट्रे आणले होते. मी अहवालात लिहिले: 'संसर्ग बाहेरून आणलेल्या ट्रेमधून. येथूनच इतरत्र पसरला. मालकिणीची हलगर्जी.' आणि खाली सही केली.

धाकटी म्हणाली होती, "ताई, ट्रे मी धुऊन, दोन दिवस उन्हात ठेवून मगच आत घेतलेत." मी म्हणाले, "सगळे असंच सांगतात."

माझ्या सहीला तेव्हा वजन होते. पंधरा दिवसांत तिला सगळे 'ट्रेवाली' म्हणायला लागले. पिल्ले पुरवणाऱ्यांनी तिला पिल्ले देणे बंद केले, व्यापाऱ्यांनी तिची गाडी दारात उभी करू दिली नाही. तिने शेड रिकामी केली, गेटला कुलूप लावले आणि माझ्याशी बोलणे टाकले.

चाळीस दिवसांनी मी फेरीची वही आवरत होते. मी कोणत्या तारखेला कुठे गेले ते त्यात होते. सहज शेजारी रोग सुरू झाल्याच्या तारखा मांडल्या. सहा पोल्ट्र्या. रोग माझ्या पाठोपाठ, माझ्याच क्रमाने फिरला होता, फक्त दोन-तीन दिवस उशिराने. पहिली नदीपलीकडची, जिथे शिंका आधीच होत्या, दुसरी धाकटीची, मग बाकीच्या चार. तिचे ट्रे यात कुठेच बसत नव्हते. माझे बूट सगळीकडे बसत होते.

मी वही मिटली आणि मूग गिळून बसले. डॉक्टरच रोग घेऊन हिंडते हे कळले असते तर मला कोणी गेटातून आत घेतले नसते, ही मला भीती होती. माझे गेट उघडे राहावे म्हणून तिचे मी बंद राहू दिले. मला याची लाज वाटते. रोज वाटते. ते बूट मी त्या दिवसानंतर घातले नाहीत. शवविच्छेदनाच्या खोलीत, दाराजवळच्या खुंटीवर आहेत.

इथे मृत्युपत्र संपणार होते. सही करायला मी वकीलबाईंकडे गेले तर त्यांनी ते सगळे वाचले आणि चष्मा काढला.

"कलम सात त्या कधी ऐकणार?"

"मी गेल्यावर."

"आणि त्यांना काही बोलायचं असलं तर?"

"तेव्हा मी नसेन ना."

"सोयीचं आहे," वकीलबाई म्हणाल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला. वय असेल तिशीचे, पण बाईच्या जिभेला धार आहे. मला राग आला, म्हणजे त्यांचे बरोबर होते. मी कागद घेऊन घरी आले आणि भाचीकरवी धाकटीला निरोप पाठवला की एकदा येऊन जा, एक कागद वाचायचा आहे. येईल याची मला मुळीच खात्री नव्हती. माझ्या हाती वर्षे थोडी उरली आहेत आणि तिने 'नाही' म्हटले असते तर दुसऱ्यांदा विचारायचे धाडस मला झाले नसते.

कलम आठ. पुढील मजकूर आजचा, गुरुवारचा आहे.

सकाळी साडेदहाला धाकटी आली. एकोणीस वर्षांत तिचे केस पांढरे झाले आहेत आणि चालताना ती उजव्या गुडघ्यावर भार देत नाही. सवय वाईट, मी आधी तिची चाल तपासली, मग तोंड पाहिले. ती खुर्चीच्या कडेवर बसली, पिशवी मांडीवर धरून. वकीलबाई, अंडीवाले काका आणि भाची बाजूला. मी कलम सात वाचायला घेतले. 'डॉक्टर मी आहे की तू' या ओळीला माझा आवाज गेला, तेव्हा पुढचे भाचीने वाचून दाखवले. वाचून झाल्यावर खोली अशी गप्प झाली की कोणाला वाटावे मी शीळ घातली.

धाकटी म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"बुटांचं. त्याच आठवड्यात. गेटवर मीच उभी होते ना, ताई."

"मग बोलली का नाहीस?"

"अहवालावर सही तुझी होती. ट्रेवालीचं कोण ऐकणार? आणि मला वाटलं, ताई हुशार आहे, चार दिवसांत तिचं तिलाच कळेल, मग येईल. मी वाट बघितली. म्हटलं, नसेल कळलं. आज तू वाचलंस, चाळीस दिवसांत कळलं होतं." तिचा हात पिशवीवर घट्ट झाला. "रोग आणलास त्याचा मला राग नाही. कुणाच्याही बुटाला लागतो. तू गप्प बसलीस."

मी म्हणाले, "चुकलं माझं." कलम सातमध्ये मी लाज लिहिली, भीती लिहिली, हे दोन शब्द मात्र लिहायचे राहिले होते. म्हणून इथे पुन्हा लिहिते: चुकले माझे.

तिने खुंटीवरच्या बुटांकडे पाहिले. मधले दार उघडेच होते. मग म्हणाली, "घर देऊन मोकळी होतेस होय? मला घर नको. तो अहवाल दुरुस्त करून दे. मेल्यावर नाही, आत्ता. आणि साक्षीदार म्हणून सही मी करणार."

वकीलबाईंनी तिला नीट समजावले की सही केली तर कलम सहामधले काहीही मिळणार नाही. घर नाही, अंगण नाही, ओटासुद्धा नाही.

"ओट्यावर वीस हजार कोंबड्या फाडल्यात तिने," धाकटी म्हणाली. "ठेवा तुमच्याकडे."

भाची हसली. मग धाकटी हसली, तोंडावर पदर धरून, पण हसली. आणि मला रडू आले, हेही नोंदवून ठेवते.

कलम नऊ. दुरुस्त अहवाल. पक्षी: लेयर, पाच हजार, वय अडतीस आठवडे. लक्षणे: शिंका, श्वासात घरघर, कवचांवर सुरकुत्या, उत्पादनात घट. निदान: संसर्गजन्य ब्राँकायटिस. संसर्गाचा मार्ग: मूळ अहवालात 'बाहेरून आणलेले ट्रे' असे आहे. ते खोडून तेथे 'डॉक्टरांचे बूट' असे वाचावे. मालकिणीची चूक: नाही. मालकिणीने डॉक्टरांना गेटवर अडवले होते. डॉक्टरांनी ऐकले नाही.

याच्या प्रती आजच सहाही पोल्ट्र्यांना, पिल्ले पुरवणाऱ्यांना आणि व्यापारी संघाला जातील. अंडीवाले काका स्वतः वाटणार आहेत. त्यांना गोष्ट तोंडी सांगायला आवडते, त्यामुळे कागद न वाचणाऱ्यांचीही सोय झाली. टॉनिकवाल्यालाही एक प्रत द्यावी. तो माझ्या मागून सगळीकडे जातोच, तर एकदा माझा खरा माल घेऊन जाऊ दे.

कलम दहा. कलम सहा रद्द. घर, अंगण आणि ओटा भाचीला. गमबूट या मृत्युपत्रातून वगळले आहेत, कारण ते आता माझे राहिलेले नाहीत. धाकटीने खुंटीवरून काढून पिशवीत घातले.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, आणि पहिल्यांदाच आयुष्यात दुसऱ्याकडून तपासून घेतला. याखाली मी सही करते.

स्थळ: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: नऊ फेब्रुवारी, गुरुवार, दुपारी पाऊण वाजता.

सही: कोंबड्यांची डॉक्टर

साक्षीदार पहिला: अंडीवाले काका, शेजारी. सही माझ्यासमोर झाली. मला या कागदात काही मिळालेले नाही, हे मी दोनदा वाचून खात्री करून घेतली आहे.

साक्षीदार दुसरी: धाकटी बहीण. सही माझ्यासमोर झाली. ताई पूर्ण शुद्धीत होती. माझी शेड अजून उभी आहे. पत्रा बदलला की तीनशे तलंगा, म्हणजे अंड्यांवर न आलेल्या कोंबड्या, आणणार आहे. ताईने सोमवारी येऊन शेड बघावी, शीळ घालून बघावी. बूट धुऊन गेटवर टांगून ठेवते. बदलल्याशिवाय आत घेणार नाही.